प्रकाशाची वाहतूक

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली आगगाडी हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी आणि यवत ही स्थानके मागे टाकून खुटबावला येते. दौंड तालुक्यातील हे एक लहानसे गाव. भोवताली उसाचे मळे आहेत आणि गावाच्या शिवारातूनच लोहमार्ग गेला आहे. पॅसेंजर गाडी येथे क्षणभर थांबते, चार माणसे उतरतात, सहा चढतात. लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र धूळ उडवीत निघून जातात. फलाटावर उभ्या असलेल्या मनुष्यास त्यांतील प्रवाशांचे चेहरेही ओळखता येत नाहीत. तथापि याच रुळांच्या कडेने, जमिनीच्या पोटातून, त्या गाड्यांहून कितीतरी वेगवान अशी एक वाहतूक अहोरात्र चाललेली असते. तिचा आवाज होत नाही, ती डोळ्यांना दिसत नाही आणि तिच्यासाठी कोणी फाटक बंद करीत नाही. ती वाहतूक प्रकाशाची होय.

भारतीय रेल्वेने २००० साली रेलटेल नावाची कंपनी स्थापन केली आणि देशातील लोहमार्गांच्या कडेने काचतंतूंच्या केबली घालण्याचे काम तिच्याकडे सोपविले. या काचतंतूंस ऑप्टिकल फायबर म्हणतात. आज अशा मार्गांची लांबी ६० हजार किलोमीटरांहून अधिक भरते. मुंबईहून सोलापूरमार्गे दक्षिणेकडे जाणारा हा लोहमार्ग त्यांतील एक प्रमुख मार्ग आहे. स्थानकांचे परस्परांतील दूरध्वनी, तिकिटांची नोंदणी यांपासून बँकांचे व्यवहार आणि घरोघरचे इंटरनेट यांपर्यंत नाना प्रकारचे संदेश अशा तंतूंतून धावत असतात. मनुष्याच्या शरीरात जसा पाठीचा कणा, तसे हे लांब पल्ल्याचे मार्ग देशाच्या दळणवळणाचा कणा होत.

या कण्याला वीज लागते. प्रकाश तर फुकटचा, मग वीज कशाला, असे कोणास वाटेल. परंतु विजेचा हा हिशेब मोठा मनोरंजक आहे, आणि तो नीट न मांडल्यास किती शक्ती वाया जाते, हे पाहून आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

हा हिशेब समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. पुढे १८६३ साली बोरघाटातील मार्ग पुरा झाला आणि मुंबई व पुणे ही शहरे रुळांनी सलग जोडली गेली. लोहमार्गाच्या सोबतीने तारायंत्राचे खांबही उभे राहिले. तारेतून जाणारी वीज जसजशी दूर जाई तसतशी क्षीण होई. म्हणून लांबचा संदेश एका दमात पोहोचत नसे. मधल्या ठाण्यावरील तारमास्तर यंत्राची कडकट्ट ऐकून मजकूर कागदावर उतरून घेई आणि पुढच्या तारेवर तोच मजकूर पुन्हा ठोकी. पुढे काही ठिकाणी हे काम आपोआप करणारी उपकरणे आली. तरी प्रत्येक मुक्कामावर संदेश थांबणार, उघडला जाणार आणि पुन्हा बांधला जाणार, ही रीत बराच काळ टिकली. भारतातील तारसेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यात कायमची बंद झाली. परंतु ठाण्याठाण्यावर संदेश उघडून पाहण्याची ती रीत मात्र नव्या वेषात अजून जिवंत आहे.

काचेतून संदेश पाठविण्याची कल्पना प्रत्यक्षात येण्यास बराच अवधी लागला. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासमवेत काम करून १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येते, हे दाखविले. अडचण एवढीच होती की, त्या वेळची काच प्रकाश फार खाई. काही मीटर अंतर जाताच प्रकाश नाहीसा होई. चार्ल्स काव यांनी १९६६ साली असे प्रतिपादन केले की, दोष काचेचा नसून काचेतील अशुद्ध द्रव्यांचा आहे; काच पुरेशी शुद्ध केली, तर किलोमीटरभर गेल्यावरही शंभरातील एक भाग प्रकाश उरेल आणि तेवढा दळणवळणास पुरेल. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने १९७० साली तशी काच करून दाखविली. काव यांना या कार्याबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुणे जिल्ह्यातील वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. भारतात दूरध्वनी केंद्रांना एकमेकांशी जोडण्यासाठी काचतंतूंचा पहिला उपयोग १९७९ साली झाला, आणि तो पुणे शहरात झाला. ज्या रुळांवरून खुटबावची मंडळी पुण्याला जातात, त्या रुळांच्या एका टोकाशी असलेल्या शहरात हा प्रयोग देशात प्रथम यशस्वी झाला.

आजचा काचतंतू किती नाजूक असावा! त्याची जाडी एक मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याइतकी असते, आणि ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो गाभा तर केसाहूनही कितीतरी बारीक असतो. परंतु त्याची काच एवढी स्वच्छ असते की, प्रकाशाने १५ किलोमीटर अंतर कापले तरी त्याचा निम्मा भाग शिल्लक राहतो. खुटबावहून निघालेला किरण दौंडला पोहोचेल तेव्हा त्याचे तेज निम्म्याहूनही बरेच उतरलेले असेल, तरी वाचण्यास ते भरपूर असते. शिवाय काच विजेची वाहक नसल्यामुळे, रुळांवरच्या २५ हजार व्होल्टच्या तारांचा या तंतूंतील संदेशांवर काहीही परिणाम होत नाही. तांब्याच्या तारांना ही बाधा होत असे.

८० किलोमीटर गेल्यावर मात्र चाळिसांतील एखादाच हिस्सा प्रकाश उरतो. तेथे त्याला बळ द्यावे लागते. पूर्वी हे काम तारमास्तरांच्या रीतीने होई. प्रकाशाची वीज करावयाची, ती वाचावयाची, जोरकस करावयाची आणि तिच्या साहाय्याने नवा प्रकाश पेटवावयाचा. १९८७ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एक नवा उपाय सापडला. काचेत एर्बियम नावाच्या दुर्मिळ धातूचा अंश मिसळावयाचा आणि त्या काचेला बाहेरून दुसऱ्या एका लेसरचा प्रकाश पाजावयाचा. क्षीण झालेला संदेश या काचेतून गेला की, तो प्रकाशरूपातच पुष्ट होऊन बाहेर पडतो. त्याला थांबावे लागत नाही आणि कोणी उघडून पाहत नाही. जणू वाटेत उभ्या असलेल्या माणसाने धावत्या घोड्याला न थांबविताच पाणी पाजले! या उपकरणास प्रवर्धक म्हणतात.

प्रवर्धकाचा आणखी एक गुण आहे. एकाच तंतूतून निरनिराळ्या तरंगलांबीचे, म्हणजे जणू निरनिराळ्या रंगांचे, किरण एकाच वेळी पाठविता येतात. हे सर्व किरण डोळ्यांना न दिसणारे असतात; रंग हा शब्द केवळ समजुतीसाठी. असे ८० किंवा त्याहूनही अधिक रंग एका तंतूतून परस्परांस धक्का न लावता जातात, आणि एकच प्रवर्धक त्या सर्वांना एकदमच बळ देतो.

मग वीज जाते कोठे? ती जाते जंक्शनांवर.

लांब पल्ल्याच्या मार्गावर ठिकठिकाणी राऊटर नावाची यंत्रे बसविलेली असतात. संदेश लहान लहान तुकड्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक तुकड्यावर तो कोठे जावयाचा याचा पत्ता असतो. राऊटर हा पत्ता वाचून तुकडा योग्य दिशेस लावतो. परंतु प्रकाशरूपातील पत्ता त्याला वाचता येत नाही. म्हणून एक उपकरण प्रकाशाची वीज करते, राऊटर पत्ता वाचतो आणि पुन्हा त्या विजेचा प्रकाश करून तो पुढे धाडला जातो. वीज आणि प्रकाश यांचे हे रूपांतर करणाऱ्या उपकरणास ट्रान्सपाँडर म्हणतात. तुकडा दहा जंक्शनांवरून जात असेल, तर दहा वेळा हाच खटाटोप होतो, मग त्या तुकड्याला मधल्या आठ ठिकाणी उतरावयाचेच नसले तरी!

दौंडच्या लोकांना ही अडचण वेगळी समजावून सांगावयास नको. दौंड ते मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली झाला, तेव्हापासून मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी दौंड स्थानकात आली की तिचे तोंड फिरवावे लागे. इंजिन सोडावयाचे, वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणावयाचे, जोडावयाचे, मग गाडी पुढे. गाडीतील बहुसंख्य प्रवाशांना दौंडला काहीच काम नसे. तरी सर्वांचाच वेळ जाई. आता दौंडनजीक कॉर्ड लाईन टाकण्यात आली असून तिच्यावरून जाणारी गाडी मुख्य स्थानकात न शिरता थेट पुढे निघते. काचतंतूंच्या जाळ्यात हीच युक्ती योजतात. ज्या रंगाच्या किरणातील सर्व संदेश नागपूरला जावयाचे आहेत, तो किरण मधल्या जंक्शनावर राऊटरमध्ये उतरवितच नाहीत. आरशांच्या व गाळण्यांच्या साहाय्याने तो प्रकाशरूपातच एका तंतूतून दुसऱ्या तंतूत वळविला जातो.

या युक्तीने किती वीज वाचते? मेलबर्न विद्यापीठातील गँगशियांग शेन आणि रॉडनी टकर यांनी २००९ साली याचा सविस्तर हिशेब प्रसिद्ध केला. त्या वेळच्या यंत्रांसाठी त्यांनी पुढील आकडे धरले होते. सेकंदाला ४० गिगाबिट वाहणाऱ्या राऊटरच्या एका दारास सुमारे १,००० वॅट, ट्रान्सपाँडरला ७३ वॅट आणि प्रवर्धकाला अवघे ८ वॅट. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. राऊटरचे एक दार उघडे ठेवण्यास जी वीज लागते तिच्यात सव्वाशे प्रवर्धक चालतात. अंतर कापण्यास वीज फारशी लागत नाही. थांबून पत्ता वाचण्यास लागते.

हेच आकडे आपल्या ओळखीच्या वाटेवर लावून पाहू. समजा, दौंडहून नागपूरला संदेशांचा एक प्रवाह जावयाचा आहे आणि वाटेत मनमाड, भुसावळ, अकोला व वर्धा या चार ठिकाणी राऊटर आहेत. एकंदर अंतर सुमारे ८०० किलोमीटर, म्हणून प्रवर्धक दहा धरू. प्रवाहाचे पाच टप्पे होतात. प्रत्येक टप्प्याच्या दोन्ही टोकांना राऊटरचे एकेक दार व एकेक ट्रान्सपाँडर लागतो, म्हणजे दोन्ही दहा दहा. दारांचे १०,०००, ट्रान्सपाँडरांचे ७३० आणि प्रवर्धकांचे ८० मिळून १०,८१० वॅट झाले. आता तोच प्रवाह मध्ये कोठेही न उतरविता थेट नेला, तर दारे दोन आणि ट्रान्सपाँडर दोन पुरतात. प्रवर्धक तेवढेच. बेरीज २,२२६ वॅट. दोहोंतील अंतर ८,५८४ वॅट.

ही वीज दिवसाचे चोवीस तास वाचत असल्यामुळे रोजची २०६ युनिटे होतात. पाच अश्वशक्तीचा पाण्याचा पंप आठ तास चालविण्यास ३० ते ३५ युनिटे लागतात. म्हणजे एका रंगाच्या एका प्रवाहाची वाट नीट आखली, तर सहा शेतकऱ्यांचे पंप आठ तास चालावेत एवढी वीज उरते. दौंड तालुक्यातील ज्या शेतकऱ्याने थ्री फेज विजेची पाळी रात्रीची आली म्हणून कंदील घेऊन, विंचूकाट्याची भीती पत्करून, मध्यरात्री उसाला पाणी दिले आहे, त्याला सहा पंपांचे मोल निराळे सांगावे लागणार नाही. शिवाय राऊटरमध्ये शिरलेली सगळी वीज शेवटी उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते, आणि ती उष्णता खोलीबाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्रांना वेगळी वीज द्यावी लागते. उन्हाळ्यात हा खर्च काही थोडाथोडका नसतो. तो वरील हिशेबात धरलेला नाही.

तर मग प्रत्येक गावापासून प्रत्येक गावापर्यंत थेट किरण सोडावा, हे उत्तम नव्हे काय? येथेच आराखडा करणाऱ्याची कसोटी लागते. खुटबावहून नागपूरला रोज जाणारे प्रवासी किती? कदाचित एकही नसेल. त्यांच्यासाठी स्वतंत्र गाडी सोडली, तर ती रिकामीच धावेल. संदेशांचेही तसेच आहे. एका किरणात ४० गिगाबिट मावत असून त्यातून चारच गिगाबिट जात असतील, तरी दोन्ही टोकांची यंत्रे वीज पूर्ण भारासारखीच घेतात. म्हणून खुटबाव, यवत, केडगाव, पाटस अशा गावांचे संदेश प्रथम एखाद्या मोठ्या ठिकाणी एकत्र करावे, डबा भरला म्हणजे तो थेट गाडीला जोडावा आणि मधली स्थानके गाळावी, हे शहाणपणाचे ठरते. किती थांबे घ्यावे आणि किती गाळावे, याचे एकच उत्तर सर्वत्र लागू पडत नाही. शेन व टकर यांच्या हिशेबात थेट नेण्याच्या रीतीने एकंदर विजेत २५ ते ४५ टक्के बचत दिसून आली. आपल्या कल्पित नागपूरच्या प्रवाहात ती ७९ टक्के दिसते. हा फरक चुकीमुळे पडलेला नाही. आपण सोईसाठी काठोकाठ भरलेला एकच प्रवाह घेतला. साऱ्या जाळ्यात अर्धे भरलेले, पाव भरलेले असे असंख्य प्रवाह असतात, आणि जवळच्या शेजारी गावांना जाणाऱ्या प्रवाहांना तर गाळण्यासारखे मधले स्थानकच नसते.

आता दुसरी गोष्ट. संदेशांची गर्दी दिवसभर सारखी नसते. संध्याकाळी घरोघर चित्रपट, गाणी व संभाषणे चाललेली असतात, तेव्हा ती शिगेला पोहोचते. पहाटे तीनच्या सुमारास ती अगदी उतरते. परंतु यंत्रांची वीज त्या मानाने उतरत नाही. पुष्कळशा राऊटरांना रिकामे असताना जवळजवळ तेवढीच वीज लागते, जेवढी भरलेले असताना लागते.

याला काय करावे, हे दौंडच्या शेतकऱ्याने आपल्या कालव्यावरून सहज सांगितले असते. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला नवा मुठा उजवा कालवा हवेली व दौंड तालुक्यांतून इंदापूरकडे गेला आहे. आवर्तन सुटले आणि पाणी बेताचेच असले, तर सगळ्या चाऱ्या एकदम उघडून भागत नाही. प्रत्येक चारीची कोरडी माती आधी आपली तहान भागविते, आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत थेंबही पोहोचत नाही. म्हणून काही चाऱ्या बंद ठेवून थोड्याच चाऱ्यांतून पूर्ण वेगाने पाणी सोडतात. चारीतून पाणी कमी वाहो की अधिक, जमिनीत मुरावयाचे ते मुरतेच. राऊटरची मूळ वीजही तशीच आहे. तेव्हा रात्री संदेश थोडे असताना ते दहा वाटांवर पसरू देण्याऐवजी चार वाटांवर एकवटावे आणि उरलेल्या सहा वाटांवरील यंत्रे निजवावी.

अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील मारुती गुप्ता आणि सुरेश सिंग यांनी २००३ साली इंटरनेटच्या यंत्रांना अशी झोप द्यावी, असा विचार मांडला. त्या वेळी विजेची काटकसर हा विषय या क्षेत्रात फारसा कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. पुढे या विचारावर शेकडो निबंध लिहिले गेले.

परंतु निबंध लिहिणे वेगळे आणि जाळे चालविणे वेगळे. मोठ्या कंपन्यांनी ही झोपेची युक्ती बेताबेतानेच स्वीकारली, आणि त्यांच्या या सावधपणास आळस म्हणता येणार नाही. पहिले कारण असे की, निजलेले यंत्र बटण दाबताच उठत नाही. एकाच प्रवर्धकातून अनेक रंग जात असतात. त्यांत नवा रंग एकाएकी घातला किंवा एखादा काढून घेतला, तर उरलेल्या रंगांचे बळ कमीजास्त होते आणि त्यांच्यातील संदेश बिघडू शकतात. म्हणून नवा किरण हळूहळू वाढवावा लागतो, आणि त्यात कित्येक मिनिटे जातात.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. काचतंतू जमिनीत पुरलेला असतो आणि जमीन सतत कोणी ना कोणी खणीत असते. कोठे रस्ता रुंद होतो, कोठे पाण्याची नळी टाकावयाची असते, कोठे जेसीबी चालविणाऱ्याला खाली केबल आहे याची कल्पनाच नसते. एका फटकाऱ्यासरशी सारे रंग एकदम विझतात. यासाठीच महत्त्वाच्या ठिकाणांना दोन निरनिराळ्या दिशांनी जोडतात. एक वाट तुटली तर संदेशांनी दुसऱ्या वाटेने जावे. चांगल्या रीतीने बांधलेल्या वर्तुळाकार जाळ्यात ही अदलाबदल सेकंदाच्या विसाव्या भागात होते आणि बोलणाऱ्या माणसाला ती कळतही नाही. मात्र ती दुसरी वाट जागी असली पाहिजे! वीज वाचवावी म्हणून तिला निजविले असेल, तर ती उठेपर्यंत काही मिनिटे सारा प्रदेश मुका होईल. ती मिनिटे पहाटेची असली तरी त्याच पहाटे कोणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावीत असेल. विजेच्या बचतीचे आकडे कागदावर मांडताना या पहाटेचा विचार पुष्कळदा राहून जातो.

यावर तोडगा नाही असे नव्हे. जी वाट संकटकाळासाठी राखलेली आहे, तिच्यावरील प्रवर्धक जागते ठेवावे. त्यांना वीज ती किती लागते! निजवावयाची ती राऊटरची दारे, आणि तीही सगळी नव्हेत. दोनांपैकी एक, चारांपैकी दोन. शिवाय रोज रात्री ठराविक वेळी गर्दी उतरते हे ठाऊक असल्यामुळे, पहाटेची गर्दी सुरू होण्याच्या आधी अर्धा तास यंत्रे उठविता येतात. गुराख्याला उठविण्यासाठी सूर्य माथ्यावर येण्याची वाट कोणी पाहत नाही. या रीतीने होणारी बचत कागदी हिशेबाहून थोडी कमी भरते, पण ती खरी असते.

वीज कोठून येते यावरूनही संदेशांची वाट ठरविता येईल काय, असा प्रश्न इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली विचारला. काही जंक्शनांवर सौर वीज असेल, तर दिवसा जास्तीत जास्त संदेश त्या जंक्शनांवरून वळवावे, म्हणजे कोळसा कमी जळेल, असे त्यांच्या हिशेबाने दिसले. संदेशाला वळसा पडला तरी चालते, कारण काचेतील प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. दौंड ते नागपूर हे अंतर तो एका सेकंदाच्या अडीचशेव्या भागात काटतो, आणि दोनशे किलोमीटरांचा वळसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. आपल्या देशात आसामातील दिब्रूगडला सूर्य मावळतो तेव्हा द्वारकेला अजून चांगले ऊन असते. ऊन असेल तिकडून वाट काढावी, ही कल्पना त्यामुळे येथेही अगदीच निरर्थक नाही. तरी गर्दीचा कळस रात्री नऊच्या सुमारास असतो आणि तेव्हा द्वारकेलाही अंधारच असतो, हे विसरून चालणार नाही.

सारांशाने वीज वाचविण्याचे नियम एकदा ठरवून भिंतीवर लावून ठेवावे, असा हा विषय नाही, कारण यंत्रे बदलत राहतात. २०२० साली सेकंदाला ४०० गिगाबिट वाहणाऱ्या एका नव्या ट्रान्सपाँडरचे मानक निश्चित झाले. तो बोटाएवढा असून राऊटरच्या दारातच खोचून बसविता येतो आणि त्याला वीस वॅटच्या आसपास वीज पुरते. राऊटरही एकेक गिगाबिटमागे पूर्वीच्या मानाने पुष्कळच कमी वीज घेऊ लागले आहेत. त्यामुळे काही ठिकाणी आता उलटा विचार ऐकू येतो. दर स्थानकावर थांबण्याचा खर्च एवढा उतरला असेल, तर थेट गाड्यांची गुंतागुंत कशाला, असे काही अभियंते विचारतात. छोट्या अंतरावर, शेजारच्या दोन शहरांत, त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. लांब पल्ल्याला ते सहसा पटत नाही. कारण थांबा स्वस्त झाला तरी न थांबण्याहून तो महागच असतो, आणि जाळ्यातील गर्दी तर थांब्याच्या स्वस्ताईहून अधिक वेगाने वाढत आहे.

२०११ साली भारत सरकारने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू पोहोचविण्याची योजना मंजूर केली. तिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले. कण्यापासून फुटलेल्या या फांद्यांच्या टोकाशी, गावातील एखाद्या खोलीत, एक पेटी आणि तिच्या शेजारी एक बॅटरी असते. तेथील वीज गेली की, बॅटरी टिकेल तोवर पेटी जागी राहते, आणि पेटीला वीज जितकी कमी लागेल तितकी ती अधिक वेळ जागी राहते. दौंडच्या किंवा पुण्याच्या मोठ्या यंत्रगृहात एक हजार वॅट वाचले, तर ते महिन्याच्या बिलात दिसतात. गावातल्या त्या पेटीत पाच वॅट वाचले, तर वादळात खांब पडलेल्या रात्री गावाचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध एक-दोन तास अधिक टिकतो. म्हणून आराखडा करणारे अभियंते कण्याचा आणि फांद्यांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडतात.